नऊ डॉलरची सीडी नागपुरात कितीला पडते?

पहिल्यांदा परदेशातून सीडी मागवली तेव्हा ती ९ डॉलरची होती. अमेरिकेतला सेलर, एका जुन्या साहसपटाचा साउंडट्रॅक, बुकलेटसकट. शिपिंग १६ डॉलर. पंचवीस डॉलर म्हणजे बावीसशे रुपये. जाऊ द्या म्हटलं, पगार झालाच होता. पाच आठवड्यांनी, भर मे महिन्यात दुपारी दोन वाजता पोस्टमनदादा दारात उभे. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हातात खाकी पाकीट.

"ताई, याच्यावर नऊशे चोवीस रुपये भरा लागते."

"कशाचे?"

"ड्युटी जी. कागदावर लिहून आहे."

घरात सुटे नव्हते. वरचे चोवीस रुपये शेजारच्या काकूंकडून आणले. महिनाअखेरीला कार्डाच्या विवरणात आणखी एक्क्याण्णव रुपये गेलेले दिसले. रजिस्टरमध्ये शेवटी आकडा लिहिला: ३,२१५. सीडीची छापील किंमत त्यात जेमतेम पाव हिस्सा.

ते रजिस्टर अजून चालू आहे. इथल्या बर्डीच्या बाजारातली कॅसेट-सीडीची दुकानं मोबाइलच्या कव्हरांची झाली त्याला बरीच वर्षं लोटली. आता ज्याला चित्रपटांच्या संगीताच्या सीडी जमवायच्या आहेत त्याला बाहेरूनच मागवावं लागतं. ओळखीतलं कोणी ना कोणी दर दोन-तीन महिन्यांनी फोन करून विचारतं, कसं करायचं, किती लागतात. त्यांच्यासाठी हे एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी नेमकं काय हवंय ते ठरवा

साउंडट्रॅक हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक म्हणजे चित्रपटातल्या गाण्यांचा अल्बम आणि दुसरी म्हणजे पार्श्वसंगीत, ज्याला संग्राहक स्कोअर म्हणतात. विक्रीच्या यादीत दोन्हींचं मुखपृष्ठ जवळपास सारखं असतं. नवखा माणूस वाद्यवृंद ऐकायच्या आशेने मागवतो आणि घरी येतात बारा पॉप गाणी. ट्रॅकची यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एकाच चित्रपटाच्या स्कोअरच्याही तीन-चार आवृत्त्या असू शकतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातले कित्येक अमेरिकी स्कोअर अल्बम तीस मिनिटांच्या आसपासच संपतात. चित्रपटासाठी वाजवलेलं संगीत अल्बमवर पुन्हा वापरायचं तर वादकांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे त्यांना वेगळे पैसे द्यावे लागत. जितकी मिनिटं जास्त तितका खर्च जास्त, म्हणून कंपन्या हात आखडता घेत. पुढे स्कोअरपुरतीच कामं करणारी छोटी लेबलं, म्हणजे संगीत कंपन्या, उभी राहिली. कॅलिफोर्नियातली इन्ट्राडा आणि ला-ला लँड, स्पेनमधली क्वार्टेट, फ्रान्समधली म्युझिक बॉक्स ही त्यातली ठळक नावं. ही मंडळी तेच संगीत पूर्ण लांबीचं, कधी दोन डिस्कमध्ये, जाडजूड बुकलेटसह काढतात, पण एक हजार, दोन हजार, तीन हजार अशा मोजक्याच प्रती छापतात.

मोजक्या प्रती म्हटलं की आपल्या छातीत धडधड सुरू होते. आत्ता घेतली नाही तर कधीच मिळणार नाही असं वाटतं. ‘चेरी २०००’ या चित्रपटासाठी बॅसिल पोलेडुरिस यांनी दिलेल्या संगीताची सीडी १९८९ मध्ये व्हारेझ साराबांड या लेबलच्या सीडी क्लबमधून निघाली, फक्त १,५०० प्रती. तिच्यासाठी लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले. नंतर तेच संगीत दुसऱ्या लेबलांनी एकदा नाही, दोनदा बाजारात आणलं. ज्यांनी आधी मोजले होते त्यांनी कपाळाला हात लावला असेल. जुन्या दुर्मीळ प्रतीवर मोठी रक्कम लावायच्या आधी ती संपूर्ण आवृत्तीत पुन्हा निघाली आहे का हे शोधा. निघाली असेल तर जुनी प्रत बहुतेक वेळा स्वस्त झालेली असते, आणि फक्त ऐकायचंच असेल तर तीही पुरते.

हिंदी चित्रपटगीतांच्या वाटेला जाणाऱ्यांसाठी एक गंमत. सीडी आपल्याकडे नवी होती तेव्हा हिंदी गाण्यांच्या बऱ्याच डिस्क परदेशात छापल्या जात आणि तिकडच्या भारतीय वस्त्यांमधून खपत. म्हणून आपल्या आईच्या तोंडी असलेल्या गाण्यांची पहिली छपाई आज इंग्लंडमधल्या एखाद्या सेलरकडून मागवावी लागते. यावर हसावं की रडावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कुठे शोधायचं

सुरुवात डिस्कॉग्ज या संकेतस्थळापासून करा. ही बाजारपेठ तर आहेच, पण मला ती विश्वकोश म्हणून जास्त कामाची वाटते. प्रत्येक छपाईचं वेगळं पान असतं: कोणत्या देशात, कोणत्या वर्षी, बारकोड काय, डिस्कच्या आतल्या कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स नंबर काय. त्याच पानावर ती सीडी आजवर कमीत कमी, जास्तीत जास्त आणि मध्यम किती किमतीला विकली गेली हेही दिसतं. सेलर काय मागतो याला फारसा अर्थ नाही, मध्यम किंमत पाहा. विशलिस्ट भरून ठेवली की नवी प्रत विक्रीला आल्यावर ईमेल येतो.

ईबेवर लिलावात कधी स्वस्त मिळतं, पण वर्णनं ढिसाळ असतात. नवी सीडी घ्यायची तर थेट लेबलच्या दुकानातून घ्या. युरोपातल्या दुकानांची एक बाब नवख्यांच्या लक्षात येत नाही. तिकडच्या छापील किमतीत व्हॅट धरलेला असतो, स्पेनमध्ये २१ टक्के, फ्रान्समध्ये २०, जर्मनीत १९. माल युरोपीय संघाबाहेर जात असेल तर अनेक दुकानं पत्ता भारताचा टाकल्यावर तो वजा करतात. म्हणून कार्टमध्ये पत्ता भरून पुढच्या पानावरची रक्कम बघा आणि मगच महाग-स्वस्त ठरवा. जुन्या सीडी विकणारा घरगुती सेलर मात्र काही वजा करत नाही.

जपानचं प्रकरण निराळं आहे. तिथल्या जुन्या सीडी बघून डोळे निवतात. सोबत ओबी, म्हणजे कव्हरच्या कडेला गुंडाळलेली कागदी पट्टी, आणि डिस्कवर ओरखडा औषधालाही नाही. मात्र तिथल्या लिलावातले बरेच सेलर देशाबाहेर पाठवत नाहीत, त्यामुळे मधला दलाल लागतो. बायी, झेनमार्केट ही त्यातली परिचित नावं. त्यांचं शुल्क, सेलरपासून त्यांच्या गोदामापर्यंतचं जपानमधलं टपाल आणि मग तिथून नागपूर, असे तीन खर्च सीडीवर चढतात. एका सीडीसाठी हा मार्ग आतबट्ट्याचा. आठ-दहा सीडी गोदामात जमवून एकत्र मागवायच्या असतील तर परवडतो. गोदामात किती दिवस फुकट ठेवतात ते आधी वाचा, नाहीतर भाडं चढतं.

वर्णन वाचायला शिका

डिस्कॉग्जवर दोन दर्जे वेगवेगळे लिहिलेले असतात, डिस्कचा आणि कव्हरचा. मिंट म्हणजे कोरी, निअर मिंट म्हणजे जवळपास कोरी, व्हेरी गुड प्लस म्हणजे थोडी वापरलेली. त्याखालचं ‘व्हेरी गुड’ आपल्याला छान वाटतं, पण तिथे त्याचा अर्थ बरेच ओरखडे असा होतो. मी डिस्क व्हेरी गुड प्लसपर्यंत घेते. कव्हरचं प्लॅस्टिक फुटकं असलं तरी चालतं, ते बदलता येतं. बुकलेटला ओल लागलेली मात्र घेत नाही.

विचारून घ्यायच्या दोन-तीन गोष्टी आहेत. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात साधारण १९८८ ते १९९३ या काळात छापलेल्या काही डिस्क कडेपासून तांबूस पडत जातात आणि शेवटी वाजेनाशा होतात. डिस्कवर ‘मेड इन यूके बाय पीडीओ’ असं असेल तर सेलरला उजेडात काढलेला फोटो मागा. जुन्या जाड डबल केसमध्ये, म्हणजे दोन डिस्कच्या प्लॅस्टिक डबीत, आत स्पंजाचा तुकडा असे. तो वर्षानुवर्षं कुजतो आणि डिस्कला चिकटतो, आहे का ते विचारा. आणि डिस्कची मागची बाजू हिरवट-निळसर दिसली तर ती बहुधा कोणीतरी घरी कॉपी केलेली आहे. कारखान्यात छापलेल्या डिस्कची मागची बाजू चंदेरी असते, आणि १९९४ नंतरच्या बहुतेकांवर आतल्या कड्यापाशी आयएफपीआय या संगीत कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा बारीक कोड असतो.

प्रश्न विचारला म्हणून कोणी रागावत नाही. जो सेलर फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्या वाटेला जाऊ नका. मी एकदा गेले. पाकीट उघडलं तेव्हा आत डिस्क धरून ठेवणारे केसचे दात तुटून खुळखुळ्यासारखे वाजत होते आणि डिस्कवर त्यांनीच नक्षी काढलेली.

शिपिंग: खरी किंमत इथे ठरते

सीडीची किंमत आपल्या आवडीवर ठरते, शिपिंग वजनावर. बहुतेक लोक पहिल्या आकड्यावर अर्धा तास घासाघीस करतात आणि दुसऱ्याकडे बघतही नाहीत.

जुन्या संग्राहकांना आठवत असेल, अमेरिकेतून समुद्रमार्गे स्वस्तात पार्सल यायचं. दोन-तीन महिने लागत पण खिसा वाचे. मे २००७ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने परदेशी समुद्री टपाल बंद केलं. मग साध्या जाड पाकिटातून एखादी सीडी पाठवता येई, तेही जानेवारी २०१८ पासून गेलं. आता परदेशी पत्र आणि मोठ्या पाकिटात फक्त कागदपत्रं चालतात, वस्तू म्हटली की तिला पार्सलचा दर. अमेरिकी सेलर बारा डॉलरच्या सीडीला अठरा डॉलर शिपिंग सांगतो तेव्हा तो लुबाडतोय असं नसतं. त्याच्या पोस्टाच्या खिडकीवर तेवढेच मागतात.

म्हणून हिशेब वजनाचा. नुसती डिस्क पंधरा-सोळा ग्रॅमची. ज्वेल केस, म्हणजे नेहमीची प्लॅस्टिकची डबी, आणि बुकलेटसकट ती शंभर ग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे आपण सात समुद्रांपलीकडून मुख्यतः ठिसूळ प्लॅस्टिक मागवतो, आणि ते वाटेत फुटतंही. सेलरला सरळ लिहा की केस काढून टाका, डिस्क मऊ पाकिटात आणि बुकलेट व मागचा कागद दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून पाठवा. पुष्कळ सेलर आनंदाने करतात. नवी केस इथे ऑनलाइन मिळते. डिजिपॅक किंवा पुठ्ठ्याचं कव्हर असेल तर अर्थात हे जमत नाही. जपानी प्रतीची मूळ केस टाकायलाही माझा जीव होत नाही, पण तो माझा हट्ट.

दुसरा उपाय म्हणजे एकाच सेलरकडून जास्त घेणं. पार्सलचा दर ग्रॅमागणिक वाढत नाही, टप्प्याटप्प्याने वाढतो. टप्पा भरायच्या आत दोन सीडी जास्त बसत असतील तर त्या जवळजवळ फुकट येतात. डिस्कॉग्जवर सेलरच्या नावावर टिचकी मारली की त्याची सगळी यादी उघडते. आपल्या विशलिस्टमधल्या किती त्याच्याकडे आहेत ते बघा. दोन डॉलर महाग असली तरी ज्याच्याकडे तीन सीडी आहेत त्याच्याकडून घ्या.

यादीत भारताचा दर दिलेला नसेल तर ऑर्डर टाकण्याआधी निरोप पाठवा: "तीन सीडी, केस काढून, ट्रॅकिंगसकट, पिनकोड ४४००१० ला किती?" ट्रॅकिंग नसलेलं स्वस्त टपाल मी फक्त पाचशे रुपयांच्या आतल्या वस्तूंना घेते. गेली तर गेली.

वहीत मांडा, मगच बटण दाबा

आता गणित. आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत, तुम्ही त्या दिवशीचे घ्या.

डॉलर ९० रुपये धरू. एक सीडी १५ डॉलर, शिपिंग १८ डॉलर. एकूण ३३ डॉलर, म्हणजे २,९७० रुपये. कार्डवाली बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर मार्कअप, म्हणजे आपलं वरचं शुल्क, लावते. तो साडेतीन टक्के धरला तर १०४ रुपये, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १९. झाले ३,०९३.

मग कस्टम्स. हा कर एका घासाचा नसतो, थरांचा असतो. आधी मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार आणि मग मालाची किंमत अधिक हे दोन्ही, या सगळ्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. समजा मूळ शुल्क २० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के. शंभर रुपयांच्या मालावर २० आणि २ मिळून १२२ झाले, त्यावर १८ टक्के म्हणजे २१.९६. एकंदर कर ४३.९६. वैयक्तिक वापराच्या आयातीवरचे दर अर्थसंकल्पात हलत असतात, म्हणून फेब्रुवारी उलटला की सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर एकदा ताजा दर बघून आपल्या सूत्रात टाका. रचना तीच राहते.

कर वस्तूच्या किमतीवर अधिक वाहतुकीवर लागतो. विमानाने आलेल्या मालाचा वाहतूक खर्च किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरायचा नाही असं मूल्यांकनाच्या नियमांत आहे. तरी मी वहीत पूर्ण शिपिंग धरूनच मांडते. कमी आला तर त्या दिवशी पोहे तर्रीसकट. २,९७० वर ४४ टक्के म्हणजे १,३०७. सीडी दारात येईपर्यंत ४,४०० रुपये झाले. जिच्यावर १५ डॉलर लिहिलं होतं, म्हणजे १,३५० रुपये, तीच ही.

आता तीन सीडी एकत्र. ४५ डॉलर अधिक शिपिंग २७, एकूण ७२ डॉलर, म्हणजे ६,४८०. मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी २६८. कर २,८५१. बेरीज ९,५९९, म्हणजे सीडीमागे ३,२००. फक्त एकत्र मागवल्याने प्रत्येकीमागे बाराशे वाचले.

रजिस्टरमध्ये मी पाच रकाने पाडले आहेत: सीडी, शिपिंग, बँक, ड्युटी, एकूण. एकूणचा रकाना लाल पेनने. सीडी विकत घ्यायची की नाही हे मी आता फक्त त्या लाल आकड्याकडे बघून ठरवते. हा संग्रह चार हजार दोनशे सीडींचा होऊ शकला असता, झाला आहे एकशे साठचा, आणि त्याचं मोठं श्रेय त्या लाल पेनला आहे.

पैसे भरताना

आपलं यूपीआय या सेलर मंडळींकडे चालत नाही, रुपे कार्डही बहुतेक ठिकाणी नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरचे परदेशी ऑनलाइन व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करावे लागतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते सुरू करा, मर्यादा ऑर्डरपुरती ठेवा आणि पैसे गेले की बंद करा. परदेशी दुकानं पुष्कळदा ओटीपी न मागताच पैसे कापतात, हे पहिल्यांदा बघून माझे वडील रात्रभर झोपले नव्हते.

पेपॅलने भरत असाल तर शेवटच्या पानावर ते विचारतात, रक्कम रुपयात कापू की डॉलरमध्ये. रुपयात सोयीचं वाटतं, पण तिथे पेपॅल आपला चढा दर लावतं. सेलरच्या चलनातच कापायला सांगा, रूपांतर बँकेला करू द्या. आणि सेलरने कितीही गोड बोलून ‘मित्र आणि कुटुंब’ या पर्यायाने पैसे पाठवायला सांगितलं तरी पाठवू नका. त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. वस्तूखरेदी म्हणून भरलेल्या रकमेवर १८० दिवसांपर्यंत तक्रार नोंदवता येते. पार्सल दोन महिने अडकलं तर ही मुदत उपयोगी पडते.

पार्सल निघालं, आता वाट पाहा

ट्रॅकिंग नंबर तेरा खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. जेपी म्हणजे जपान, डीई जर्मनी, जीबी ब्रिटन, यूएस अमेरिका. पहिलं अक्षर आर असेल तर रजिस्टर्ड, सी असेल तर पार्सल, ई असेल तर ईएमएस, म्हणजे जलद टपाल. यू असेल तर बारकोड आहे पण प्रवासात त्याचा माग फारसा दिसणार नाही. भारतात आल्यावर हाच नंबर आपल्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर चालतो. मुंबई, दिल्ली अशा ठिकाणच्या परदेशी टपाल कार्यालयात कस्टम्सचे अधिकारी पार्सल पाहतात आणि मग ते नागपूरकडे निघतं. कस्टम्सच्या टप्प्यावर आठवडाभर काहीच हललं नाही तरी घाबरायचं कारण नाही. बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा यांची पीडीएफ तयार ठेवा, विचारणा झाली तर लगेच पाठवता येते.

टपालाने आलं तर ड्युटी दारात भरायची आणि पावती घ्यायची. खासगी कुरिअरने आलं तर ते आधी आधार वगैरे केवायसी मागतात, ड्युटी स्वतः भरतात आणि त्यावर आपलं हाताळणी शुल्क लावतात. लवकर येतं हे खरं, पण एका सीडीसाठी नाकापेक्षा मोती जड.

"गिफ्ट लिहून पाठवायला सांग ना" असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. पूर्वी पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूला सूट होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती काढून घेतली. टपाल-कुरिअरने येणाऱ्या भेटींमध्ये जीवरक्षक औषधं आणि राखी यांनाच सवलत उरली. सीडीला राखी म्हणणारा भाऊ मला अजून भेटलेला नाही. किंमत कमी लिहायला सांगणं तर मुळीच नको. बेकायदा आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई त्याच खोट्या आकड्याची मिळते.

एक सावधगिरी. "तुमचं पार्सल अडलं आहे, पत्ता अपूर्ण आहे, या लिंकवर पंचवीस रुपये भरा" असा मेसेज येतो, आणि आपण खरंच पार्सलची वाट पाहत असतो म्हणून बोट पटकन तिकडे जातं. ती लिंक उघडू नका. तेरा खुणांचा नंबर स्वतः संकेतस्थळावर टाकून बघा.

न्यू जर्सीचा मार्ग

नागपुरात असं घर विरळाच ज्यांचं कोणी बाहेर नाही. माझा आतेभाऊ न्यू जर्सीला आहे. अमेरिकेतल्या अमेरिकेत सीडी ‘मीडिया मेल’ नावाच्या सवलतीच्या टपालाने जातात, चार-पाच डॉलरमध्ये काम होतं. वर्षभर त्याच्या पत्त्यावर जमवायच्या आणि डिसेंबरात तो येताना बॅगेत आणतो. प्रवाशाच्या सामानाला जी करसवलत आहे तीत वैयक्तिक वापराच्या दहा-बारा सीडी सहज बसतात. त्याच १५ डॉलरच्या सीडीला मग अठराशे रुपयांच्या आत पडतं.

पण या मार्गाला कर लागतो तो वेगळा. वहिनीने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, "ताई, दहाच्या वर एक नाही, माझ्या बॅगेत जागा नाही." जाताना त्यांच्या बॅगेत संत्रा बर्फी, आत्याने भाजलेलं मेतकूट आणि दोन किलो भिवापुरी तिखट जातं. ते मी पोचवून देते. केस काढून डिस्क आणि बुकलेट वेगळे केले की दहाच्या जागेत पंधरा मावतात, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर

पाकीट फोडतानाच मोबाइलवर चित्रीकरण करा, एका हाताने जमत नसेल तर घरातल्या कोणाला तरी धरायला लावा. फुटकी, चुकीची किंवा रिकामी निघाली तर तक्रारीला हाच पुरावा. मग डिस्क पूर्ण वाजवून बघा, शेवटच्या ट्रॅकपर्यंत. सीडी आतून बाहेर वाजते, त्यामुळे कडेचा दोष शेवटच्या ट्रॅकमध्येच सापडतो आणि आपण पहिली दोन ऐकून सेलरला पाच तारे देऊन मोकळे होतो.

एप्रिल-मे महिन्यांत शक्यतो काही मागवू नका. पंचेचाळीस अंशांत बंद गाडीत किंवा उन्हातल्या पत्र्याच्या टपालपेटीत दुपार काढलेली डिस्क वाकू शकते. मागवलंच असेल तर पत्त्यावर फोन नंबर ठळक द्या आणि सुरक्षारक्षकाला सांगून ठेवा की पाकीट सावलीत ठेवायचं.

उन्हाळ्याहून मोठा शत्रू मात्र घरातच असतो, तो म्हणजे कूलर. माझं पहिलं कपाट त्याच्या समोरच्या भिंतीला होतं. जूनपर्यंत तीन बुकलेटांची चकचकीत पानं एकमेकांना चिकटली, सोडवायला गेले तर वाद्यवृंदाचा फोटो अर्धा या पानावर आणि अर्धा त्या पानावर. कपाट आता आतल्या खोलीत आहे, जिथे कूलरचा वारा पोचत नाही. प्रत्येक फळीवर सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत, नव्या चपलांच्या डब्यांतून जमवलेल्या. पावसाळा सुरू झाला की त्या बदलते.